चिनी झांजेची बोली: कासं, हात आणि त्सांग-त्साय-ताय

दोन झांजा अगदी समोरासमोर धरा, काठाला काठ जुळवा आणि जोरात आपटा. खणखणाट होईल असं वाटतं, पण निघतो तो "फप्प" असा बसका आवाज. दोन वाट्यांच्या मध्ये हवा कोंडते, तिला निसटायला फट मिळत नाही आणि धातूला थरथरायला मोकळीक राहत नाही. कधी कधी तर दोन्ही झांजा क्षणभर एकमेकींना चिकटूनच बसतात. नवशिक्याच्या हातून हे हमखास होतं. जोर कमी पडला असं समजून तो आणखी जोरात आपटतो आणि आवाज आणखी बसतो.

उपाय जोराचा नाही, कोनाचा आहे. एक झांज दुसरीपेक्षा बोटभर खाली ठेवायची आणि दोन्ही जराशा तिरक्या धरायच्या, म्हणजे एका बाजूची कड आधी टेकते आणि बाकीची मागोमाग. पातेल्यावर झाकण टाकताना ते एका कडेवर आधी टेकतं, तसंच. हवा दुसऱ्या बाजूनं निघून जाते आणि आवाज मोकळा होतो. हे जमेपर्यंत पुढचं काही शिकण्यात अर्थ नाही.

तीन नावं, एक कुटुंब

मराठीत टाळ वेगळा, झांज वेगळी, मंजिरी वेगळी. चिनीतही तसंच आहे, फक्त सीमारेषा जरा धूसर आहेत. "बो" म्हणजे मधली वाटी मोठी आणि फुगीर असलेली झांज. "नाओ" म्हणजे वाटी लहान, सपाट भाग जास्त, त्यामुळे नाद जास्त वेळ रेंगाळणारी. "छा" हा बोलण्यातला शब्द, बहुतेक सगळ्या झांजांना लागू होणारा. दोन्ही एकत्र करून "नाओबो" असंही म्हणतात आणि बीजिंग ऑपेरा, म्हणजे गाणं, अभिनय आणि लढती एकत्र असलेलं चिनी नाटक, त्याच्या वादकांमध्ये तेच नाव चालतं. गंमत म्हणजे "नाओ" हे नाव मुळात झांजेचं नव्हतंच. शांग राजवटीच्या काळात, म्हणजे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, तोंड वर करून धरायची आणि बाहेरून ठोकायची लोलक नसलेली कांस्य घंटा या नावानं ओळखली जायची. ती वापरातून गेली आणि नाव झांजेकडे आलं.

झांजेचे भाग चारच. मधली वाटी, तिच्याभोवतीचा पसरट पट्टा, काठ आणि वाटीच्या माथ्यावरचं भोक. भोकातून कापडी किंवा चामडी पट्टी ओवतात आणि आतल्या बाजूला गाठ मारतात. बीजिंग ऑपेरातली जोडी साधारण १५ सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणजे हाताच्या पंजाएवढी. मिरवणुकीच्या आणि सिंहनृत्याच्या (सिंहाचं सोंग घेऊन केलेल्या नाचाच्या) झांजा त्याच्या दुप्पट किंवा जास्त. आकार वाढला की आवाज खालचा होतो, नाद लांबतो आणि खांदे लवकर भरून येतात. शेवटची गोष्ट विकत घेताना कुणी सांगत नाही.

भारतीय वाद्यवृंदातलं "थोंग बा"

हे वाद्य चीनचं मूळचं नाही, बाहेरून आलेलं आहे, आणि ही गोष्ट चिनी ग्रंथांतच स्वच्छ लिहिलेली आहे. स्वी राजवटीच्या इतिहासातल्या संगीतविभागात "थ्येनचू", म्हणजे भारत, या नावाच्या वाद्यवृंदाची नोंद आहे. चांग छुंगहुआ हा ल्यांगचौचा राज्यकर्ता असताना, म्हणजे इ.स. ३४६ ते ३५३ च्या दरम्यान, हे संगीत तिथं पोचलं असं तो इतिहास सांगतो. वाद्यं नऊ, वादक बारा. त्या नऊ वाद्यांत वीणेच्या जातीची तंतुवाद्यं, बासरी, ढोलांचे प्रकार आणि शंख यांच्याबरोबर "थोंग बा" आहे, म्हणजे तांब्याची झांज. ल्यांगचौ म्हणजे आजच्या कान्सू प्रांतातला, रेशीम मार्गावरचा टापू.

नंतरच्या तांग काळातल्या एका ज्ञानकोशात झांजेचं वर्णन असं येतं: काही इंच व्यासाची गोल, मध्यभागी पाण्यावरच्या बुडबुड्यासारखा फुगवटा, त्यातून चामड्याची वादी ओवलेली, एकमेकींवर आपटून संगीताला साथ देणारी. बाराशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन आजच्या कुठल्याही झांजेला जसंच्या तसं लागू पडतं. बुडबुडा हा शब्द तर इतका नेमका आहे की त्याहून चांगला सुचत नाही.

कासं: थंडीत ठिसूळ, लालीत मऊ

चिनीत या धातूला "श्यांगथोंग" म्हणतात, म्हणजे वाजणारं तांबं. शंभर ग्रॅममध्ये साधारण ७८ ग्रॅम तांबं आणि २२ ग्रॅम कथील. कारखान्यागणिक एकदोन ग्रॅम इकडेतिकडे. आपल्याकडचं कासं याच प्रमाणाच्या आसपास असतं, त्यामुळे काशाची वाटी बोटानं वाजवून पाहिली की झांजेचा नाद कुठून येतो याची कल्पना येते.

एवढं कथील घातल्यावर एक अडचण होते. गार झालेलं कासं काचेसारखं वागतं. हातोडा मारला की पसरत नाही, तडकतं. कारण सावकाश थंड होताना धातूच्या आत कथीलाचं प्रमाण जास्त असलेले कडक, ठिसूळ कण तयार होतात. पण साधारण ६०० अंश सेल्सियसच्या वर, मंद लाल रंगावर, आतली रचना बदलते आणि तेच कासं हातोड्याखाली पसरू लागतं. म्हणून झांज ओतीव नसते, ठोकीव असते. आधी जाड चकती ओतायची, भट्टीत लाल करायची, ठोकायची, रंग उतरला की परत भट्टीत. चकत्या पातळ होत गेल्या की तीन-चार एकावर एक रचून एकदम ठोकतात, म्हणजे त्या लवकर गार होत नाहीत. रंग उतरल्यावर मारलेला एक जास्तीचा घाव म्हणजे काठाला चीर.

शेवटची पायरी मात्र लोहाराला बुचकळ्यात टाकणारी आहे. तयार झालेली झांज पुन्हा लाल करून थेट पाण्यात बुडवतात. पोलाद असं बुडवलं की कडक आणि ठिसूळ होतं. काशाचं नेमकं उलटं होतं. पटकन गार झाल्यानं ते ठिसूळ कण तयार व्हायला वेळच मिळत नाही, लाल असतानाची रचना बऱ्याच अंशी आत अडकून राहते आणि झांज चिवट होते. बुडवायला दोन-तीन सेकंदांचा उशीर झाला, किंवा एक बाजू आधी गार झाली, तर ती झांज दिसायला ठीक असते पण पहिल्या महिन्यातच काठाला तडा दाखवते.

पाण्यातून निघालेली झांज थोडी वेडीवाकडी असते. ती गार स्थितीत हलक्या हातानं ठोकून सरळ करतात आणि त्याच ठोकण्यात तिचा स्वर ठरतो. गाँगच्या, म्हणजे ठोकून वाजवायच्या काशाच्या थाळीच्या, बाबतीत तर शेवटचे काही घाव फक्त उस्तादच मारतो. त्यातूनच चिनी भाषेत "यी छुई तिंग यीन" हा वाक्प्रचार आला: एका हातोड्यात स्वर पक्का. आज तो कुठल्याही प्रकरणाचा निकाल लावणाऱ्या शब्दाला वापरतात. गाँग आणि झांजांसाठी वूहानचं नाव जगभर आहे. शान्शी प्रांतातल्या चांगत्झ तालुक्याची काशाची वाद्यं घडवण्याची कला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आहे.

झांजेला एकच स्वर का नसतो

तार छेडली की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर निघतात. ते एकमेकांत मिसळतात आणि कानाला एकच स्वर जाणवतो. धातूच्या वाकड्या पत्र्याचं असं नसतं. त्याचे उपस्वर कुठल्याच साध्या पटीत बसत नाहीत, म्हणून स्वर न ऐकू येता खणखणाट ऐकू येतो. शिवाय जोरात मारल्यावर सुरुवातीची जाडसर थरथर फार लवकर बारीक थरथरीत वाटली जाते. म्हणून आघातानंतर क्षणभरानं "श्श्श" असा चकचकीत पदर वर येतो. पत्रा जितका पातळ, तितका हा पदर लवकर उमटतो. काठ बाहेर वळवलेला असेल तर तो जास्त खरखरीत येतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या झांजेशेजारी चिनी झांज "फाटकी" वाटते ती यामुळे. तो दोष नव्हे, तोच तिचा गुण: माणसांच्या आवाजात आणि सारंगीसारख्या जिंगहूत ती हरवत नाही.

त्सांग, त्साय, ताय

तबल्याचे बोल माहीत असलेल्या माणसाला चिनी तालवाद्यं समजायला वेळ लागत नाही. बीजिंग ऑपेरात ताल कागदावर वाचत नाहीत, तोंडानं म्हणतात. या पद्धतीला "लुओगू जिंग" म्हणतात, शब्दशः गाँग-ढोलाची पोथी. फरक एवढाच की तबल्याचा एक बोल एकाच वादकाच्या हाताचा असतो आणि इथला एक बोल दोन-तीन वादकांचा मिळूनही असू शकतो.

रंगमंचाच्या बाजूला बसणाऱ्या या गटात चार माणसं. पहिला ढोलवाला, त्याच्यापुढे एक छोटा कडक ढोल आणि हातात लाकडी पट्ट्या. हाच सगळ्यांचा म्होरक्या. दुसरा मोठा गाँग, म्हणजे दा लुओ, ज्याचा स्वर मारल्यावर खाली घसरतो. तिसरा लहान गाँग, शिआओ लुओ, ज्याचा स्वर उलट वर चढतो. चौथा झांजवाला. बोल असे:

"त्सांग": मोठा गाँग, झांज आणि लहान गाँग एकदम.
"त्साय": झांज आणि लहान गाँग, मोठा गाँग गप्प.
"ताय": लहान गाँग एकटा.
"फू": झांज मारून लगेच दाबलेली, कोरडी.

आता "त्सांग त्साय त्सांग त्साय त्सांग त्साय त्सांग" असं म्हणून पहा. हा "छोंग थोउ" नावाचा ठेका, पात्र घाईत आत येताना किंवा बाहेर जाताना वाजणारा. मोठ्या गाँगचा नाद लांब असतो, दोन घावांच्या मध्ये तो घोंगावत राहतो. झांज त्या मधल्या जागेत चाल देते. झांज काढून टाकली तर प्रेक्षकाला पात्र चालताना दिसेल, पण पावलं ऐकू येणार नाहीत. याच बोलांचा वेग वाढवत नेला की "जी जी फेंग" होतं, सोसाट्याचा वारा. लढाई, पळापळ, दूत धावत आला, अशा ठिकाणी. आणि पात्र धावत येऊन एकदम गोठतं, मान वळवतं, डोळे रोखतं, त्या जागी "स जी थोउ", चार घावांचा तुकडा. शेवटच्या घावाला नट थांबलेला असतो आणि झांजही थांबलेली असते. नट थांबला आणि झांज तशीच रेंगाळत राहिली, तर ती छबी विस्कटते.

म्हणून झांजवाल्याचं निम्मं काम आवाज काढणं आणि निम्मं तो दाबणं. पट्टीचा पीळ तळव्यात घट्ट धरायचा, अंगठा आणि तर्जनी वाटीच्या मुळाशी. डावी झांज जवळजवळ स्थिर, उजवी तिच्यावर वरून खाली येते. आघात झाला की दोन्ही लगेच फाकतात. त्या फाकण्यातच नाद मोकळा होतो. दाबायचं असेल तर दोन्ही पुन्हा एकमेकींना टेकवतात किंवा काठ अंगाला लावतात. पट्टी सैल असेल तर झांज घावाबरोबर गिरकी घेते आणि पुढचा घाव काठाच्या दुसऱ्याच जागी बसतो. घट्ट म्हणजे किती? हात उलटा करून झांज खाली सोडली तर ती तळव्यापासून बोटाच्या जाडीपेक्षा जास्त लोंबू नये.

दाबायचा वेळ चुकला तर काय होतं तेही सांगायला हवं, कारण ही चूक ऐकू येते पण ओळखू येत नाही. जलद ठेक्यात "त्साय" नीट दाबला नाही, तर त्याचा नाद पुढच्या "त्सांग"वर चढतो. ढोलवाल्याला वाटतं लय मागे ओढली जाते आहे, तो वेग वाढवतो, आणि मिनिटभरात सगळाच गट धावायला लागतो. खरं दुखणं झांजेच्या शेपटीत असतं.

दोन झांजवाले, एक चाल

हुनान प्रांताच्या पश्चिमेला, श्यांगशी डोंगरात, तुजिया लोकांची "दा ल्यूत्झ" नावाची वादनपद्धत आहे. २००६ मध्ये ती चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत आली. चार माणसं: दोन गाँगवाले आणि झांजांच्या दोन जोड्या. पहिली जोडी "थोउ बो", दुसरी "एर बो". लग्नात, सणाला, नव्या घराच्या तुळईला वाजवायची.

इथं झांज साथीला नसते, गाणंच तिच्याकडे असतं. उखळात दोघींनी आळीपाळीनं मुसळं घालावीत आणि लांबून ऐकणाऱ्याला एकीचाच झपाटा वाटावा, तसं हे. पहिला ठोक्यावर वाजवतो, दुसरा दोन ठोक्यांच्या मधोमध. हळू असताना दोघं वेगवेगळे ऐकू येतात. वेग वाढला की कान दोघांना एकच समजतो. एका माणसाला शक्य नसलेला वेग असा मिळतो. त्यात भर म्हणून घावाचे प्रकार: मोकळा, दाबलेला, फक्त कडेनं मारलेला, दोन्ही झांजा घासून काढलेला. "जिन जी छू शान", म्हणजे सोनेरी फेझंट (कोंबड्याच्या कुळातला रंगीत पक्षी) डोंगरातून बाहेर येतो, या प्रसिद्ध रचनेत याच घावांमधून पक्ष्यांचं चोच मारणं, पंख झटकणं, पाण्याकडे धावणं उभं केलं जातं.

शिकताना दोघांनी एकमेकांकडे पाहू नये. पाहिलं की डोळा हाताच्या मागे लागतो, आणि हात नेहमी उशिरा दिसतो. तोंडानं दोन्ही बोल म्हणायचे, आपला आणि समोरच्याचाही, पण वाजवायचा फक्त आपला. असं बसून हळू लयीत पंधरा-वीस मिनिटं केल्याशिवाय वेग वाढवू नये. मधोमध बसणाऱ्याचा घाव पुढे सरकण्याची ओढ जास्त असते. तो हळूहळू ठोक्यावरच येऊन बसतो आणि मग दोघं एकत्रच वाजवू लागतात, वेग अर्धा होतो.

याहून गणिती प्रकार वूशी आणि सूचौच्या परिसरात सापडतो, "शीफान लुओगू" नावाच्या वादनात. वूशीचेच संगीतज्ञ यांग यिनल्यू यांनी त्याचा बारकाईनं अभ्यास केला. तिथं घाव एक, तीन, पाच, सात अशा विषम गटांत येतात. "यू ह बा" नावाच्या बांधणीत दोन वेगळ्या आवाजांचे गट असतात. पहिल्या ओळीत पहिल्याचा १ आणि दुसऱ्याचे ७, मग ३ आणि ५, मग ५ आणि ३, मग ७ आणि १. प्रत्येक ओळीची बेरीज आठ. एक आवाज वाढत जातो, दुसरा त्याच मापानं आटत जातो. टाळ्या वाजवत मोजून पहा: गणित सोपं आहे, पण पाच-तीनच्या ओळीत हात हमखास अडखळतो, कारण त्याच्या आधीची ओळ तीन-पाचची असते.

सिंहनृत्य, मंदिर आणि ड्रमसेट

सिंहनृत्यात ढोलवाला सिंहाकडे पाहतो आणि झांजवाले ढोलवाल्याकडे. एक ढोल, एक गाँग, झांजांच्या दोन ते पाच जोड्या. गाँग चाल धरून ठेवतो, झांजा ढोलाचे घाव चमकवतात. सिंह डोळे मिचकावतो तिथं दाबलेले घाव, उडी मारतो तिथं मोकळे. इतक्या जवळ आवाज सहज १०० डेसिबेलच्या वर जातो, त्यामुळे कानात बोळे घालणं हा नाजूकपणा नाही. बौद्ध विहारांत आणि ताओ मंदिरांत हेच वाद्य मंत्रपठणाच्या कडव्यांच्या मध्ये येतं, पण तिथली लय संथ आणि नाद लांब.

रॉक आणि जॅझच्या ड्रमसेटवरची "चायना सिंबल" ही याच कुळातली. काठ बाहेर वळवलेला आणि वाटी घुमटाकार नसून नळकांड्यासारखी, कारण ती मुळात हातात धरायची मूठ होती. ड्रमर ती बहुतेकदा उलटी लावतात. सुलटी लावली तर काठी वळवलेल्या धारेवर आदळते आणि काठी आणि झांज दोन्ही लवकर झिजतात.

विकत घेताना आणि सांभाळताना

पितळी पत्रा दाबून काढलेल्या स्वस्त झांजा दिसायला पिवळ्याधमक आणि गुळगुळीत असतात. काशाच्या झांजेवर हातोड्याचे व्रण दिसतात आणि वाटीजवळ बहुतेकदा भट्टीचा काळा डाग मुद्दाम ठेवलेला असतो. जोडीतली एकेक झांज पट्टीला लोंबती धरून काठावर लाकडी काडीनं हलकेच मारा. दोघींच्या स्वरात थोडा फरक हवा. अगदी जवळजवळ सारख्या असल्या तर नाद "वाँव-वाँव" असा हेलकावतो. कुठलीही एक झांज नाद संपताना "झर्रर्र" अशी कुरकुरत असेल तर तिला बारीक तडा आहे, तो दिसो वा न दिसो. काठावरून नख फिरवून पहा, ते अडकेल.

तडा नवा आणि काठापुरताच असेल तर त्याच्या आतल्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडतात. तड्याचं टोक टोकदार असतं म्हणून तो पुढे सरकतो; गोल भोकाशी आला की ताण पसरतो आणि तो बहुधा थांबतो. भोक पाडताना पाणी टाकत राहा, धातू तापू देऊ नका. डाग देऊन सांधायचा प्रयत्न करू नये. तापलेली जागा सावकाश गार होते आणि तिथं पुन्हा तेच ठिसूळ कण तयार होतात. सांधा टिकतो आणि त्याच्या शेजारची जागा फुटते.

वाजवून झाल्यावर हाताचा घाम कोरड्या सुती फडक्यानं पुसा. चिंच किंवा लिंबानं घासून चकचकीत करायचा मोह टाळा. काळपट थर निघाला की आवाज जरा जास्त तीक्ष्ण होतो आणि तो जुना सौम्यपणा परत यायला वर्षं जातात. ठेवताना दोन झांजांच्या मध्ये कापड घाला. पट्टी महिन्यातून एकदा आतल्या बाजूनं पाहा: ती भोकाच्या धारेवर घासते आणि आधी तिथंच तंतू सुटतात, गाठीजवळ नाही. गाठीखाली चामड्याची छोटी चकती घातली तर धार चामडं खाते, पट्टी नाही.